यीस्टच्या शेतात दारं धरताना

यीस्टमध्ये नवं जनुक घातलं की औषध तयार, ही समजूत आपल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांतही घट्ट रुजली आहे. ती आज मोडावी, एवढ्यासाठीच मी इथे आलो आहे. जनुक घालणं ही सुरुवात झाली. खरं काम त्यापुढे.

हिवतापावरचं आर्टेमिसिनिन घ्या. बर्कलीच्या जे कीसलिंग यांच्या गटाने आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीची जनुकं यीस्टमध्ये आणली. 2006 मध्ये ज्यापासून हे औषध करता येतं ते आर्टेमिसिनिक आम्ल मिळालं. लिटरमागे 100 मिलिग्रॅम. एवढ्यावर कारखाना चालत नाही.

आता शेतात दारं धरणारा माणूस आठवा. नवा वाफा बांधला म्हणून त्यात पाणी शिरत नाही. पाटाची ओढ जुन्या वाफ्याकडेच असते. यीस्टमधला आपला पाट म्हणजे फार्नेसिल पायरोफॉस्फेट. तो वाहतो अर्गोस्टेरॉलकडे, आणि तिथलं दार ईआरजी-9 या जनुकाच्या हाती. मग ते बुजवूनच टाकावं? मुळीच नाही! अर्गोस्टेरॉलवाचून पेशीचं पटल टिकत नाही. जुना वाफा वाळला तर यीस्टच मरेल. म्हणून खोऱ्यानं थोडीच माती ओढायची, थोडं पाणी तिकडे जाऊ द्यायचं, आणि वरचा पाट रुंद करायचा. पुढे नव्या वाफ्याच्या तोंडाशी पाणी तुंबलं: मधलं अल्डिहाइड साचू लागलं, ते पेशीला घातक. त्याच वनस्पतीची आणखी एन्झाइमं आणून ती वाट मोकळी केली. 2013 मध्ये आकडा पोचला लिटरमागे 25 ग्रॅमवर. अडीचशे पट! पुन्हा सांगतो, हे पाणी वळवण्याचं यश आहे, आणि तेही यीस्ट जिवंत ठेवून.

प्रथिनांचंही तसंच. पुण्यात बनणारी हेपॅटायटिस बी ची लस यीस्टमधूनच येते, बंगळुरूच्या बायोकॉनचं इन्सुलिनही. लशीचं प्रथिन पेशीतच साठतं, इन्सुलिनचं पेशीबाहेर सोडलं जातं, त्यामुळे पुढे शुद्धीकरणाला... पण तो विषय मोठा आहे, आणि माझी मिनिटं संपत आली.

महाविद्यालयांतल्या शिक्षकांना एकच विनंती. जनुक नीट बसलं की प्रात्यक्षिक संपवू नका. फ्लास्कमध्ये साखर किती गेली, अल्कोहोल किती झालं, हवा तो पदार्थ किती हाती आला, हा हिशेब विद्यार्थ्यांकडून वहीत मांडून घ्या. त्याला गुण द्या, जनुकाला देता त्याहून जास्त.