मदत मेल्यावर नको, जिवंतपणी हवी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. माझं आयुष्य गिरणीच्या रिंग खात्यात गेलं. शिक्षण शाळेत थोडं आणि वाचनालयात जास्त झालं. तेव्हा बोलण्यात कुठे गावठी शब्द आला तर सांभाळून घ्यावं. समितीनं मला विषय दिला, 'आत्महत्या आणि आपला समाज'. विषय फार मोठा आहे. त्यातला एकच धागा मी धरणार आहे, आणि तो म्हणजे पैशाचा. आत्महत्या थांबवण्याच्या नावानं पैसा येतो. तो कोणासाठी येतो, केव्हा येतो आणि केव्हा संपतो, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आपल्या वऱ्हाडाला या दुःखाची ओळख करून द्यावी लागत नाही. अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात २००१ सालापासून शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली जाते. त्या तक्त्यात रकाने आहेत: पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. माणूस गेल्यावर त्याचं मरण पात्र की अपात्र, हे समिती ठरवते. २००६ सालच्या जानेवारीतल्या शासन निर्णयानं कसोट्या घालून दिल्या. शेतजमीन त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावे पाहिजे. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं पाहिजे. ते थकलेलं पाहिजे आणि वसुलीचा तगादा पाहिजे. हे सारं जुळलं तर कुटुंबाला एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत.

त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि १ जुलैला सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात अमरावती होतं, अकोला होतं. सिंचन होतं, व्याजमाफी होती, बियाणं होतं. या गोष्टी नको होत्या असं मी म्हणत नाही. विधवा बाईला लाख रुपये मिळाले तर ते तिच्या हक्काचेच आहेत. पण माझा प्रश्न वेगळा आहे. जो माणूस रात्र-रात्र जागा आहे, जेवत नाही, बोलत नाही, त्याच्या दारात जिवंतपणी कोणता पैसा पोचला?

आणि दुसरा प्रश्न. ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्याचं काय?

बंधूंनो, इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या नावे शेत आहे, हे हात वर करायला लावून मी कोणाला लाजवत नाही. आपली माणसं निंदणाला जातात, कापूस वेचायला जातात, वीटभट्टीवर जातात, मक्त्यानं दुसऱ्याचं वावर करतात. मक्त्यानं करणाऱ्याचं कर्ज कुठे लिहिलेलं असते? दुकानदाराच्या वहीत. ती वही समितीपुढे चालत नाही. मला एक माउली म्हणाली होती, "भाऊ, सातबारा नोहता म्हून आमच्या माणसाचं मरण मरण नोहे काय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता आकडे ऐका. हे सरकारचेच आहेत, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे. २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली. शेतीत राबणारे त्यात ११,२९० होते. त्यातले शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. म्हणजे देशाचा हिशेब धरला तर मजूर जास्त. या ११,२९० मधले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. आणि शेतमजूर सोडून जे रोजंदारीवर जगतात, ते त्या एका वर्षात ४४,७१३ गेले. दर चार आत्महत्यांमागे एकाहून जास्त माणूस रोजमजुरी करणारा. त्याच्यासाठी पॅकेज निघालं का? त्याच्या घरी पुढारी गेला का? आम्ही गिरणी कामगार. भोंगा बंद झाला, पाळ्या बंद झाल्या, हिशेबासाठी वर्षानुवर्षं फेऱ्या सुरू झाल्या. त्या काळात किती सहकारी घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, ते त्यांच्या बायकांना माहीत. बदली कामगाराचे तर हालच विचारू नका. त्यांच्यातला एखादा गेला तर लोक म्हणाले, दारूनं गेला. विषय संपला.

तथागतांनी सांगितलेली बाण लागलेल्या माणसाची गोष्ट आपण इथे अनेकदा ऐकली आहे. बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कशाचं, हे विचारत बसलो तर माणूस मरून जाईल. आधी बाण काढा. आपल्याकडे माणूस मेल्यावर विचारतात, कर्ज कोणत्या बँकेचं होतं.

मग बाण काढता येतो का? येतो. आणि तो काढून दाखवलेला आहे, आपल्याच अमरावती जिल्ह्यात. ही गोष्ट आपल्या लोकांना माहीत पाहिजे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१० नंतरच्या दशकात जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गोव्याची 'संगाथ' संस्था त्यात होती, डॉ. राहुल शिधये आणि त्यांचे सहकारी होते, आणि अनुदान टाटा ट्रस्टचं होतं. त्यांनी मोठा दवाखाना बांधला नाही. गावातलीच माणसं निवडली, त्यांना शिकवलं. ती घरोघर गेली, बैठका घेतल्या, उदासीचा आजार काय असतो ते समजावलं. ज्याला जास्त त्रास, त्याच्याशी शिकवून तयार केलेले समुपदेशक बोलले. त्यातूनही ज्याला औषधाची गरज, त्याला मानसोपचार तज्ज्ञाची गाठ घालून दिली. म्हणजे पायरी-पायरीनं काम. मोठा डॉक्टर शेवटच्या पायरीवर.

काय झालं? सुरुवातीला पाहणी केली तेव्हा नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम चार जणांनी कोणाकडे तरी उपचार मागितला होता. नेमका आकडा ४.३ टक्के. अठरा महिन्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा तो २७.२ टक्के झाला. मागच्या वर्षभरात जीव द्यावासा वाटला असं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या जगभर वाचल्या जाणाऱ्या मासिकात छापून आले. खरं तेच बोलायचं तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. कार्यक्रम न झालेली गावं तुलनेला घेतली नव्हती. त्यामुळे सगळा फरक कार्यक्रमामुळेच पडला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण गावातली बाई, गावातला गडी शिकवला तर लोक मदत मागायला पुढे येतात, एवढं तर कोणालाही दिसते.

यात नवल काही नाही. तुम्ही नैराश्य म्हणा, डिप्रेशन म्हणा, आपली बाई तसं म्हणत नाही. ती म्हणते, "झोप नाई येत, जीव घाबरा होते, कामात मन नाई लागत." ही भाषा गावचीच बाई ओळखते. अमरावतीहून नागपूरचं मनोरुग्णालय दीडशे किलोमीटर आणि अकोल्याहून अडीचशे. त्याचं नाव काढलं तरी लोक 'पागलखाना' म्हणून चार हात दूर होतात. तिथवर जायची पाळी येऊ नये, म्हणूनच दारातली व्यवस्था पाहिजे.

आता अनुदानाची दुखरी जागा सांगतो. अनुदानाला मुदत असते. तीन वर्षं, पाच वर्षं. मुदत संपली की कार्यकर्ता घरी, वही कपाटात. ज्या माणसानं पहिल्यांदा तोंड उघडलं, त्यानं पुढे कोणाकडे जायचं? आम्हा गिरणीवाल्यांना हे चांगलं कळते. साचा बंद पडला की सूत तुटते, आणि तुटलेलं सूत आपोआप जुळत नाही. म्हणून माझं मत असं की संशोधनाला पैसा देताना शेवटच्या वर्षाचा करार पहिल्याच वर्षी झाला पाहिजे. प्रयोग यशस्वी झाला तर तो सरकार कोणत्या खात्यातून, किती वर्षं पुढे चालवणार, हे आधी लिहून घ्यावं.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या सुमारास 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी. त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही आले. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची, ज्याला धोका दिसेल त्याला दवाखान्यात पाठवायचं, १०४ क्रमांकावर सल्ला द्यायचा. कल्पना उत्तम. पण ज्या आशाताईच्या डोक्यावर बाळंतपण आहे, लसीकरण आहे, क्षयरोग आहे, तिच्याच डोक्यावर हेही. कोणाच्या मनातलं ऐकायला निवांत वेळ लागतो, आणि त्या वेळेचा मोबदला द्यावा लागतो. केंद्राच्या आरोग्य खर्चात मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच राहिला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आलं. २०३० पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण दहा टक्क्यांनी कमी करायचं, असं त्यात लिहिलं आहे. लिहिलं ते चांगलंच. पण थैलीत किती, हे विचारणं आपलं काम आहे.

काही लोक म्हणतात, "हे सारं डोक्याचं खूळ. कापसाला भाव द्या, आत्महत्या थांबतील." मी स्वतः कापसाच्या भावासाठी मोर्च्यात गेलेलो आहे, पुढेही जाईन. भाव पाहिजेच, मजुरी पाहिजेच. पण भाव मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे ना? ताप आलेल्याला आपण असं म्हणतो का, की आधी गावची नाली साफ होऊ दे, मग गोळी देऊ? नालीही साफ करा आणि गोळीही द्या. श्रीलंकेनं फार विषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण दोन तृतीयांशाहून जास्त खाली आलं. संकटाची घडी टळली तर माणूस वाचतो, हा त्याचा अर्थ. फवारणीचं औषध घरात उघडं न ठेवता कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याजवळ द्या. याला तर कोणाचं अनुदानही लागत नाही.

तेव्हा आजच्या दिवशी आपण काय मागायचं? माझ्या चार मागण्या आहेत. पहिली, पैसा माणूस जिवंत असताना खर्च व्हावा. दुसरी, मदतीला सातबाऱ्याची अट नको. भूमिहीन, मक्तेवाला, बंद गिरणीचा कामगार, घरकाम करणारी बाई, सगळे त्यात यावेत. तिसरी, अनुदान संपल्यावरची सोय आधी सांगा. आणि चौथी, ज्या गावातून माहिती गोळा केली, त्या गावात परत येऊन ग्रामसभेत मराठीतून निष्कर्ष वाचून दाखवा. आमचं दुःख इंग्रजी मासिकात छापून आलं, अभिमान आहे. पण ज्यांनी ते सांगितलं त्यांना ते वाचता आलं पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला निवेदन लिहायला शिकवलं. या मागण्यांचं निवेदन विहारातर्फे जिल्हाधिकाऱ्यांना जावं, ही माझी विनंती.

आणि मागण्यांबरोबर आपलंही काही काम आहे. विहार हा दवाखाना नाही, कोणी उपासकानं डॉक्टर होऊ नये. पण आपण विचारू शकतो. "बापू, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येते काय?" असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्यानं माणूस हलका होतो. मग त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येते. तो आजच फळ्यावर लिहा. आणि पोलीस केसच्या भीतीनं कोणी दवाखाना टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला समजून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पूर्वीचं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत तसं राहिलं नाही.

एक शेवटची सूचना. अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, सरकारी दवाखान्यात औषध मिळते. पण खेड्यातला माणूस दुसऱ्या तारखेला का येत नाही? एक दिवसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चं भाडं लागते. बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, गड्याला पूर्णच. विहारात धम्मदानाच्या पेटीजवळ एक लहान डबा ठेवा. त्यातून रुग्णाचं आणि सोबत जाणाऱ्याचं तिकीट निघावं. हिशेब दर पौर्णिमेला वाचून दाखवा. पहिले शंभर रुपये मी आज समितीच्या हवाली करतो.