इन्फ्लुएंझाची साथ आणि घराची तयारी

१९१८ सालच्या जून महिन्यांत मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई आजारी पडून इस्पितळांत दाखल झाले. ती पहिली लाट सौम्य होती. शहरानें ती अंगावर काढली. परंतु पावसाळा सरतां सरतां तोच रोग उग्र रूप घेऊन परतला आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. सबंध हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं. त्यांत वीस ते चाळीस अशा ऐन उमेदीच्या वयाचीं माणसें फार होतीं, आणि पुरुषांहून स्त्रिया अधिक. आजाऱ्याच्या उशाशीं रात्रंदिवस बसणारी बहुधा स्त्रीच असे. ती पडली म्हणजे घरांत पाण्याचा घोट देण्यासही कोणी उरत नसे.

घराच्या तयारीचा खरा प्रश्न येथेंच आहे. थर्मामीटर, पॅरासिटामॉल, जलसंजीवनीचीं पाकिटें, रोजच्या औषधांचा पंधरवड्याचा साठा हें सर्व पुष्कळ घरांत असतें. पण तें कोठें ठेवलें आहे, हें एकट्या गृहिणीसच ठाऊक असतें. तें दुसऱ्या कोणास तरी माहीत हवें. आजाऱ्याची शुश्रूषा कोण करील आणि तोही पडल्यास कोण, हें आधींच ठरलेलें असावें. लहान मुलांस तापांत ॲस्पिरिन देऊं नये.

महाराष्ट्रांत हा ताप पावसाळ्यांत आणि पुन्हां हिवाळ्याच्या सुमारास बळावतो. २००९ च्या ऑगस्टमध्यें नव्या जातीच्या अशाच तापाचा देशांतील पहिला बळी पुण्यांत पडला. विषाणू रूप पालटीत असल्यामुळें लस दरवर्षीं नव्यानें घ्यावी लागते, आणि तिचा गुण येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात; म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वींच ती टोंचून घेणें इष्ट. गर्भवती स्त्रिया, वृद्ध, लहान मुलें आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले यांनीं तर हयगय करूं नये. ताप दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच रोगी दुसऱ्यास रोग देऊं शकतो. म्हणून हात साबणानें धुणें, खोकतांना तोंड झांकणें आणि आजाऱ्याची खोली हवेशीर ठेवणें, या संवयी साथीची वाट न पाहतां लावाव्या.

आल्या-तुळशीच्या काढ्यानें घशास बरें वाटतें, त्याविषयीं कोणाचें भांडण नाहीं. परंतु काढा पाजून दिवस ढकलणें घातक ठरतें, कारण विषाणूवरील औषधाचा गुण पहिल्या दोन दिवसांत अधिक येतो. धाप लागली, छातींत दुखूं लागलें, ओंठ निळसर झाले, रोगी असंबद्ध बोलूं लागला किंवा उतरलेला ताप पुन्हां चढला, तर सकाळ होण्याची वाट पाहूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. तो आंकडा आणि जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक दाराच्या आंतल्या बाजूस, लहान मुलासही वाचतां येईल अशा मोठ्या अक्षरांत, लिहून लावलेला असावा.