बाकावरचे पाच जण
(द्रोणागिरी येथील शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील प्रमुख पाहुण्यांचे भाषण. विषय: शालेय रग्बी संघाचा हंगाम आणि खेळाडूंची घडण)

शालेय रग्बीचा हंगाम महाराष्ट्रात पावसाबरोबर सुरू होतो. जूनमध्ये शाळा उघडतात. त्यानंतर तालुका आणि जिल्हा स्पर्धांची पत्रके क्रीडाशिक्षकांच्या टेबलावर येऊन पडतात. पुढे विभाग, मग राज्य आणि निवड झालेल्यांसाठी राष्ट्रीय शालेय स्पर्धा अशी ही चढण असते. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. खेळ साधारणपणे सात-सात खेळाडूंचा, म्हणजे रग्बी सेव्हन्स. संघात बारा जण, मैदानात सात, आणि सात-सात मिनिटांची दोन सत्रे. स्पर्धा बाद पद्धतीची. पहिल्याच सामन्यात हरलेल्या शाळेचा अधिकृत हंगाम त्यामुळे चौदा मिनिटांत आटोपतो. बाकावर बसलेल्या पाच जणांच्या वाट्याला तर एकही मिनिट येईलच असे नाही. शालेय संघाविषयी बोलण्यासारखे बरेच काही या हिशेबात दडलेले आहे.

आधी खेळ, अगदी थोडक्यात. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि पाच गुण मिळतात. त्यानंतरच्या यशस्वी किकचे दोन, पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे तीन. चेंडू घेऊन पुढे पळता येते, पायाने पुढे मारता येतो. हाताने मात्र तो पुढे फेकता येत नाही, मागे किंवा समांतरच द्यावा लागतो. चेंडू ज्याच्या हातात आहे त्यालाच अडवून पाडता येते, त्याला टॅकल म्हणतात. नियमांचे बाकीचे पुस्तक जाड आहे, आणि ते स्नेहसंमेलनात उघडले तर पुढचे नाटक मध्यरात्री सुरू होईल.

भारताशी या खेळाचे नाते जुने आहे. कोलकात्यात १८७० च्या दशकात इंग्रजांनी काढलेला रग्बी क्लब काही वर्षांतच बंद पडला. बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्याचा एक करंडक घडवला गेला. त्याच्या मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या ‘कलकत्ता कप’साठी खेळत आले आहेत. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने, ज्याची स्थापना १८७५ ची, हा खेळ पावसाळी चिखलात टिकवून धरला. तरीही तो बराच काळ जिमखान्याच्या कुंपणाआतच राहिला. भारताचा राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी १९९८ मध्ये उतरला. अभिनेते राहुल बोस त्या संघात होते आणि पुढे राष्ट्रीय संघटनेची धुराही त्यांच्याकडे आली.

कुंपणाबाहेरची खरी वाट शाळांनी काढली. २००७ मध्ये भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेचा १४ वर्षांखालील संघ लंडनला आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी गेला. काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्या मुलांनी रग्बीचा चेंडू पाहिलाही नव्हता. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या संघाला १९-५ असे हरवून ती मुले परतली. त्याच संस्थेत शिकलेल्या सुमित्रा नायकने जून २०१९ मध्ये मनिला येथे अखेरच्या क्षणी पेनल्टी किक साधली आणि भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवले. पंधरा जणींच्या रग्बीतला भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, हा संघ प्रथमच या प्रकारात उतरला होता. महाराष्ट्राचा वाटाही त्यात मोठा आहे. पुण्याच्या वाहबिज भरुचा या व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. त्यांनी भारताचे नेतृत्व केले आहे. कोल्हापूरच्या मुलीही राष्ट्रीय संघापर्यंत पोचल्या आहेत.

उरण-पनवेल पट्ट्यात हा खेळ रुजण्याला वेगळे कारण आहे आणि त्या कारणाचे नाव कबड्डी. सिडको या नगरनियोजन महामंडळाने द्रोणागिरी नोड, म्हणजे नियोजित वसाहत, आखण्याआधी इथे खारजमीन, भातशेती आणि मिठागरे होती. जसखार, सोनारी, फुंडे, बोकडवीरा, पागोटे, भेंडखळ या गावांत संध्याकाळी देवळासमोरच्या पटांगणात चुन्याने रेषा आखल्या जात आणि दिव्याच्या उजेडात सामने रंगत. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जमीन संपादनाविरुद्धच्या १९८४ च्या शेतकरी आंदोलनातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. घरे वाढली, कंटेनरचे रस्ते झाले आणि पटांगणे आखडत गेली. या परिसरातल्या शाळांनी ज्या पिढीला घडवले तिच्या आठवणीत खेळाचा तास म्हणजे बांधावरून पळत शाळेत पोचणे, चपला एका ढिगात टाकणे आणि गुडघे खरचटल्यावर माती लावणे. मुंबईला सामना पाहायला जायचे तर मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच. पावसात समुद्र खवळला की तीही बंद. आजच्या विद्यार्थ्यांना यातले निम्मे खरे वाटणार नाही. बक्षिसांसाठी पुढे बसलेल्या काही जणांच्या आजोबांना मात्र ते चांगलेच आठवत असेल, कारण चपलांच्या त्या ढिगात त्यांच्याही चपला होत्या.

कबड्डीतून आलेल्या मुलाकडे रग्बीचे निम्मे भांडवल तयार असते. त्याला अंगाला अंग भिडण्याची भीती नसते. खाली वाकून उभे राहणे, समोरच्याच्या कमरेकडे नजर ठेवणे, मांडी पकडून तोल घालवणे त्याला येते. मात्र दोन गोष्टी त्याला मोडाव्या लागतात. कबड्डीतला चढाईपटू एकटा जातो आणि एकटा परततो. रग्बीत चेंडू घेऊन एकट्याने घुसणारा दुसऱ्याच टॅकलमध्ये चेंडू गमावतो. योग्य क्षणी मागच्याला पास देणे हे गावच्या नामवंत चढाईपटूला सर्वांत जड जाते. दुसरी गोष्ट पकडीची. कबड्डीत घोटा धरून ओढला तरी चालतो. रग्बीत दोन्ही हातांचा विळखा घालावा लागतो, पाय आडवा घालता येत नाही, उचलून आपटता येत नाही आणि मानेला हात लागला तर शिक्षा होते. पाडणाऱ्याचे डोके पडणाऱ्याच्या अंगाखाली न येता बाजूला राहिले पाहिजे, हे पाठ झाल्याशिवाय मुलाला सामन्यात उतरवणे धोक्याचे.

म्हणून शिकवण्याचा क्रम महत्त्वाचा. लहान वयात संपर्क नसलेला खेळ: कमरेच्या पट्ट्याला लावलेली चिंधी ओढली की खेळाडू ‘पकडला’ गेला. यात मुले पळायला, जागा शोधायला आणि पास द्यायला शिकतात. टॅकल पुढच्या टप्प्यावर: आधी दोघेही गुडघ्यांवर, मग एक उभा, मग चालत, शेवटी पळत. द्रोणागिरीत याला हवामानाचीही साथ आहे. नोडची जमीन बरीचशी भरावाची. उन्हाळ्यात मुरूम दगडासारखा होतो आणि पडलेल्याची कातडी सोलून काढतो. जुलैच्या ओल्या मातीत पडणे शिकणे सोपे. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात सराव सकाळीच उरकावा आणि पाण्याची सुटी प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडू नये.

वयोगट कागदावर समान असला तरी शरीरे समान नसतात. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची सुमारे चौदाव्या वर्षी. पण एकाच वर्गातल्या दोघांत या बाबतीत दोन-तीन वर्षांचा फरक सहज पडतो. त्या काळात हातपाय अचानक लांबतात, पूर्वी जमणारे पास सुटू लागतात, गुडघ्याखाली दुखते. अशा मुलाला आळशी ठरवले जाते आणि लवकर वाढलेल्या धिप्पाड मुलाला गुणवान. तो धिप्पाड मुलगा चौदाव्या वर्षी केवळ वजनाच्या जोरावर ट्राय करतो, म्हणून पास शिकत नाही. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला पोचतात तेव्हा त्याच्याकडे काहीच उरत नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडसारख्या ठिकाणी मुलांच्या रग्बीत वजनानुसार गट करतात ते याचसाठी. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांनाही वयोगटाच्या तारखेचा असाच फायदा मिळतो. चौदाव्या वर्षीची संघनिवड हा बऱ्याच अंशी वाढीचा दाखला असतो. त्याला गुणवत्तेचा दाखला मानणाऱ्या शाळा दरवर्षी चांगले खेळाडू घरी पाठवतात.

यावरचा उपाय एकच: मुलाला खेळायला मिळाले पाहिजे. सराव मिळाला, जर्सी मिळाली, फोटोत उभे राहायला मिळाले, याला खेळणे म्हणत नाहीत. खेळाडू सामन्यातल्या मिनिटांनी घडतो, आणि ज्या मुलाला मिनिटे मिळत नाहीत त्याच्याकडून प्रगतीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. इंग्लंडमध्ये वयोगटाच्या रग्बीत संघातल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना मैदानावर मिळावा असे बंधन आहे. आपल्याकडे असे म्हटले की लगेच उत्तर येते की मग जिंकायचे कसे? चौदा वर्षांखालच्या संघाने जिल्ह्यात जिंकलेल्या ढालीची सतराव्या वर्षी कुणालाही आठवण नसते. बाकावर बसून कंटाळलेला, नववीत खेळ सोडून दिलेला मुलगा मात्र गावात रोज दिसतो. पुढच्या रांगेतले संस्थाचालक आणि मुख्याध्यापक वार्षिक अहवालात पदकांची संख्या वाचून दाखवतात. त्याऐवजी ‘यंदा किती मुलांनी किती मिनिटे सामना खेळला’ हा एक आकडा वाचला, तर क्रीडाविभागाची तब्येत एका ओळीत कळेल. पदके खोटी नसतात, पण ती दोन-तीन मुलांची असतात. पालकांसाठीही हेच. सामन्यानंतर घरी पहिला प्रश्न ‘जिंकलात का?’ असा न येता ‘किती वेळ खेळलास?’ असा आला, तर निम्मे काम तिथेच होईल. क्रीडाशिक्षकांना हे माहीत असते. निकालाचा दबाव वरून येतो आणि वर कोण बसले आहे हे सभागृहाला दिसतेच आहे.

चौदा मिनिटांच्या अधिकृत हंगामात ही मिनिटे सापडणार नाहीत, म्हणून शाळेला स्वतःचा हंगाम बांधावा लागतो. उरण, जासई, उलवे, बेलापूर, पनवेल इथल्या चार-पाच शाळांनी मिळून शनिवारची साखळी स्पर्धा ठरवली, तर प्रत्येक संघाला दिवाळीपर्यंत आठ-दहा सामने मिळतात. पूर्वी प्रवास ही मोठी अडचण होती. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतची लोकल सुरू झाली आणि द्रोणागिरीला स्वतःचे स्टेशन मिळाले. आता बारा मुले आणि एक शिक्षक नेरूळला जाऊन दुपारी परत येऊ शकतात. हरलेल्या संघालाही पुढच्या शनिवारी सामना असतो, हा साखळीचा मोठा गुण. त्याच दिवशी मोठ्या मुलांनी पंचगिरी करावी, म्हणजे नियम आपोआप पक्के होतात. रग्बीत पंचांशी फक्त कर्णधार बोलतो हा रिवाजही तिथेच अंगवळणी पडतो.

दुखापतींबाबत शाळेने सैलपणा दाखवू नये. इंग्लंडमधील शाळांत १४ ते १८ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोल, मान आणि पायांच्या ठरावीक व्यायामांनी सुरुवात करण्याचा परिणाम तपासला गेला. हे व्यायाम आठवड्यातून किमान तीनदा करणाऱ्या संघांत सामन्यातील दुखापती सुमारे ७२ टक्क्यांनी कमी आढळल्या. या व्यायामांना लागतात वीस मिनिटे आणि मोकळी जागा. पैसे लागत नाहीत. माउथगार्डला थोडे लागतात. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरत नाही आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परतत नाही. मूल ‘मी ठीक आहे’ म्हणाले तर त्या उत्तराला किंमत नाही, कारण अंतिम सामन्यात प्रत्येक मूल ठीकच असते.

जानेवारीनंतर मैदान रिकामे होते. दहावी-बारावीच्या मुलांना क्रीडा गुणांची कागदपत्रे वेळेत हवी असतात; स्पर्धेची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये लावून ठेवणारा कारकून इथे प्रशिक्षकाइतकाच उपयोगी. बाकीच्यांनी या महिन्यांत रग्बी बाजूला ठेवून कबड्डी, खो-खो, पोहणे असे दुसरे काही खेळावे, कारण एकाच खेळाचा वर्षभर मारा वाढत्या सांध्यांना सोसत नाही. वर्ष बदलताच वयोगटांच्या याद्याही नव्याने होतात: चौदाखालचे काही जण सतराखालच्या यादीत सर्वांत लहान होऊन जातात आणि त्यांच्या जागी पाचवी-सहावीची नवी मुले येतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ही यादी फलकावर लागली आणि त्यात मागच्या वर्षी बाकावर बसलेल्या पाचही जणांची नावे असली, तर जूनमध्ये सराव कुठून सुरू करायचा ते क्रीडाशिक्षकाला ठाऊक असते.