नर्सिंगची परीक्षा आणि सॉर्टरचे खण

(युनियनच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आपल्या क्वार्टर्समधून आज कितीतरी मुली, आणि काही मुलेही, नर्सिंगच्या परीक्षांची तयारी करीत आहेत. ‘त्यातले आम्हांला काय कळते?’ असे आपण आईबाप म्हणतो. पण लक्षात कसे ठेवावे हे सॉर्टरला कोणी शिकवायला नको. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. आकडे सहा, पण पहिला ४ दिसला की हात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेशाकडे वळतो. आधी खण, मग आकडा.

रक्तात सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५. मुली हे घोकतात आणि ऐन वेळी विसरतात. आम्ही सांगतो, १३५ मधला १ काढा, उरलेल्या ३५ मध्ये टिंब द्या, झाले ३.५. मात्र खण ठाऊक हवा. सोडियम मुख्यतः पेशीबाहेर, पोटॅशियम पेशीच्या आत. म्हणून रक्तात ते थोडे. ते एकदम वाढले तर हृदय बंद पडू शकते. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत कधीही टोचायचे नाही. पेपरात हा एक गुण, वॉर्डात एक जीव.

साधे आणि एनपीएच इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये घ्यायचे तर आधी स्वच्छ, मग गढूळ. नळ आला की आपण पिण्याचे पाणी आधी भरतो, तसेच. गढुळाचा थेंब स्वच्छ बाटलीत जाता कामा नये.

सलाईनच्या हिशेबाला पोरे उगाच घाबरतात. ५०० मिलिलिटर ४ तासांत, म्हणजे तासाला १२५. सेट २० थेंबांचा असेल तर ३ ने भागा: मिनिटाला सुमारे ४२ थेंब. १५ चा असेल तर ४ ने भागा. ६० चा असेल तर भागूच नका. सेट कितीचा ते पाकिटावर छापलेले असते. ते आधी वाचा.

रेल्वेच्या २०२४ च्या नर्सिंग भरतीत ९० मिनिटांत १०० प्रश्न होते, त्यांतले ७० नर्सिंगचे, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जाई. तेव्हा अंदाजाने ठोकणे महागात पडते.

ड्यूटीवरून आलात की अर्धा तास टीव्ही बंद ठेवा. मुलीने पुठ्ठ्यांवर प्रश्न आणि मागे उत्तर लिहावे, आपण विचारावे. उत्तर बरोबर आले तरी ‘का?’ विचारा. ती अडखळली तर तो पुठ्ठा पुन्हा खाली घाला.