आधी पाण्याची वाट, मग माणसाची



आम्ही मुंबईच्या अँटॉप हिल भागात राहणारी माणसे. हिल म्हणजे टेकडी. पण टेकडीभोवतीची जमीन सखल आहे. शेजारी वडाळ्याला मिठागरे होती. म्हणजे भरतीचे पाणी पार तेथवर येई.

आमच्याकडे एक नवलाची गाडी आली. तिचे नाव मोनोरेल. उंच खांबांवर एक तुळई असते. तिच्यावरून ही गाडी चालते. अँटॉप हिलचे स्टेशन मार्च २०१९ मध्ये सुरू झाले. आम्हांला वाटले, आता खाली कितीही पाणी तुंबो, आपण वर कोरडे!

पण १९ ऑगस्ट २०२५ ला काय झाले, ऐका. पाऊस नुसता कोसळत होता. खाली हार्बर रेल्वेचे रूळ बुडाले. लोकल बंद पडल्या. आता घरी जायचं कसं? माणसे मोनोरेलकडे धावली. गाडी १०४ टन वजन पेलणारी. त्या दिवशी ते सुमारे १०९ टनांवर गेले, असे गाडी चालवणाऱ्या प्राधिकरणाने सांगितले. जादा भाराने गाडीचा विजेच्या पट्टीशी असलेला जोड सुटला. चेंबूरजवळ गाडी अधांतरी उभी राहिली. दिवे गेले, वारा बंद झाला. पाचशेंहून अधिक माणसे आत कोंडली. लोकांचा जीव गुदमरला. अग्निशमन दलाच्या जवानांनी शिड्या लावून सर्वांना खाली उतरवले.

आता विचार करा. गाडी काही पाण्यात बुडाली नव्हती. मग ती का थांबली? एक वाट बुडाली आणि तिचा भार दुसरीवर पडला. म्हणून एकच वाट उंच करून भागत नाही. खालचीही कोरडी राहिली पाहिजे.

मुंबईचे नाले समुद्राला मिळतात. भरतीला समुद्र चढतो. मग नाल्याचे पाणी बाहेर पडत नाही, पंपाने उपसावे लागते. त्यात गाळ आणि प्लास्टिक अडकले की झालंच! शिवाय जगाची हवा तापत चालली आहे. तापलेली हवा जास्त वाफ धरते. म्हणून थोड्या वेळात फार पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. जुन्या नाल्यांना एवढे पाणी कसे झेपणार?

मोनोरेलही २० सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी थांबवावी लागली. बांधणे एकदाच असते, जपणे रोजचे असते.

तुमच्या गावच्या रस्त्याचेही असेच आहे, बरं का. मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून वाहते. भराव खचतो. मग बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे कसे? दूध डेअरीत कसे पोचायचे?

म्हणून मृगाआधी चार घरची माणसे एकत्र या. मोरीतला गाळ काढा. रस्त्याकडेचे चर मोकळे करा. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता ठेवा. नवी मोरी व्हायची असेल, तर ग्रामसभेत उठून विचारा, "मोठ्या पावसाचे पाणी हिच्यातून जाईल का?"

पाण्याला वाट द्या. मग ते तुमची वाट अडवणार नाही.