पहिलें घर आणि गृहसजावटकार

कारंजा लाड येथील एका जुन्या हवेलीविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं, तिच्या बांधकामाच्या गाऱ्यांत कस्तुरी मिसळली होती. ही सुगंधाची कथा लोक अद्यापि आवडीनें सांगतात. परंतु त्या हवेलींत स्वयंपाकघर कोणत्या बाजूस होतें, घरांतील वृद्धांना जिना चढतां येत होता कीं नाहीं, याची वार्ता कोणीच सांगत नाहीं. घराचा लौकिक एका गोष्टीनें होतो, आणि घरांतील माणसांचें सुख पुष्कळदां दुसऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतें. पहिलें घर विकत घेऊन तें नीटनेटकें करावयास निघालेल्या कुटुंबानें हा भेद आरंभींच ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे.

हल्लीं घराच्या अंतर्भागाची रचना करून देणारा स्वतंत्र व्यावसायिक लहान शहरांतही मिळूं लागला आहे. त्यास इंटीरिअर डिझायनर म्हणतात. मराठींत गृहसजावटकार म्हणावयास हरकत नाहीं. हा व्यवसाय केवळ श्रीमंतांच्या हौसेखातर जन्मास आला, असा एक समज आहे. तो पुरता खरा नव्हे. १९३७ सालीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेनें मुंबईंत ‘आदर्श घरा’चें प्रदर्शन भरविलें होतें, आणि त्याच सुमारास पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे हे हवा, उजेड, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांचा विचार मध्यमवर्गीय गृहस्थानें कसा करावा, हें आपल्या पुस्तकांतून समजावून देत होते. तेव्हां घराच्या अंतरंगाची चिंता आपणांस नवी नाहीं. नवें इतकेंच कीं, ती चिंता वाहण्यासाठीं आतां एक परका मनुष्य घरांत येतो, आणि त्याच्याशीं कसें वागावें हें कोणास ठाऊक नसतें.

उदाहरणादाखल कारंज्याच्या जुन्या वस्तींतील एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. गृहस्थ बँकेंत नोकरीस, पत्नी शाळेंत शिक्षिका, दोन मुलें आणि सत्तरी उलटलेली आई. बारा वर्षें भाड्याच्या घरांत काढल्यावर, सारी शिल्लक आणि वर बँकेचें कर्ज घालून त्यांनीं वेशीच्या आंतील एक जुनें दुमजली घर घेतलें. जाड भिंती, सागवानी खांब, कडीपाट, मधोमध लहानसा चौक आणि रस्त्याच्या अंगास ओसरी. गृहसजावटकार अमरावतीहून आला, मापें घेऊन गेला, आणि आठवड्यानें संगणकावर काढलेलीं रंगीत चित्रें घेऊन परत आला. चौकावर कांचेचें छप्पर, ओसरी बंद करून केलेला दिवाणखाना, कडीपाटाखालीं पांढरेंशुभ्र फॉल्स सीलिंग, आणि आईसाठीं मागील अंगास एक खोली. मुलें हरखून गेलीं. आई चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि एवढेंच म्हणाली, “छान आहे बाबू, पण मी बसूं कुठें?”

गृहस्थास सजावटकाराचा राग आला. परंतु पत्नीनें विचार केला, तेव्हां तिला दोष एकट्या सजावटकाराचा दिसेना. “घर आधुनिक करून द्या,” याखेरीज त्याला कोणी कांहींच सांगितलें नव्हतें. भिंतींचीं मापें त्यास मिळालीं होतीं. माणसांचीं मिळालीं नव्हतीं. तिनें मुलांची एक कोरी वही घेतली आणि आठ दिवस घरांत कोण, केव्हां, कोठें, काय करतें याची नोंद ठेवली. आई पहाटे उठते आणि रात्रींतून दोनदां न्हाणीकडे जाते. दुपारीं ती ओसरीवर बसते. शेजारणी तेथेंच येतात. नळाचें पाणी रोज येत नाहीं, म्हणून मोठ्या टाकीस जागा हवी. उन्हाळ्यांत पापड आणि सांडगे वाळवावयास ऊन हवें. कूलरसाठीं बाहेरच्या भिंतींत खिडकी हवी. थोरल्या मुलाच्या अभ्यासास दूरचित्रवाणीपासून लांब एक कोपरा हवा. शेवटच्या पानावर तिनें एक आंकडा लिहिला: खर्च करतां येईल अशी खरी रक्कम. ही रक्कम तोंवर संकोचानें कोणी उच्चारलीच नव्हती.

ती वही वाचून सजावटकारानें दुसरा आराखडा काढला, आणि तो पहिल्याहून साधा व स्वस्त निघाला. चौक उघडाच राहिला. वऱ्हाडांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा प्रदेशांत उघडा चौक रात्रीं घरांतील तापलेली हवा वर सोडून देतो, उलट कांचेचें छप्पर उन्हाची धग आंत घेऊन कोंडून ठेवतें. चौकावर फक्त माकडांसाठीं जाळी आणि पावसाळ्यापुरतें सरकतें आच्छादन ठरलें. कडीपाट झांकावयाचा नाहीं, घासून तेल द्यावयाचें, असें ठरलें. आईची खोली ओसरीला लागून आली, न्हाणी तिच्या खोलीस जोडली गेली, आणि तेथें भिंतीला धरावयास दांडा व घसरणार नाहीं अशी फरशी आली. कांचेचे वांचलेले पैसे छपराची गळती आणि जुनाट विजेच्या तारा यांकडे वळविले. ज्या खर्चाचें चित्र काढतां येत नाहीं, तोच बहुधा आधीं करावयाचा असतो.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. वास्तुविशारद ही पदवी लावण्यास १९७२ च्या कायद्यान्वये वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी लागते. गृहसजावटकारास तशी कायदेशीर नोंदणी लागत नाहीं. म्हणून त्याचीं पूर्वीं केलेलीं कामें प्रत्यक्ष जाऊन पाहावीं, आणि तेथील गृहिणीस दोन वर्षांनंतरचा अनुभव विचारावा. भिंत पाडावयाची, तुळई काढावयाची किंवा मजल्यावर पाण्याची टाकी चढवावयाची असेल, तर बांधकामाच्या अभियंत्याचें मत घेतल्यावांचून पाऊल टाकूं नये. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसते. तिच्यावर उभ्या असलेल्या घराच्या भिंतींस भेगा पडतात. अशा भेगेवर महाग रंग लावणें म्हणजे दुखण्यावर शाल पांघरणें होय.

व्यवहार कागदावर असावा. मोबदला खर्चाच्या टक्केवारीनें, चौरस फुटांवर कीं ठोक रकमेनें; त्यांत किती आराखडे आणि किती भेटी येतात; सामान कोण खरेदी करणार, आणि दुकानदाराकडून सजावटकारास दलाली मिळत असल्यास ती कोणाच्या हिशेबीं धरावयाची, हें सारें आरंभींच लिहून घ्यावें. “चांगलें प्लायवूड” असें लिहूं नये. मोरीजवळच्या कपाटास आय.एस. ७१० या प्रतीचें, असें स्पष्ट लिहावें. पैसे कामाच्या टप्प्यांनीं द्यावे. जुन्या घरांत गिलावा काढल्यावर वाळवी निघते, कुजलेला वासा निघतो. म्हणून दहावा हिस्सा रक्कम बाजूस राखून ठेवावी. निघालेलें जुनें सागवान भंगारवाल्यास देण्यापूर्वीं सुतारास दाखवावें. ज्या गांवच्या जैन मंदिरांत लांकडी कोरीव कामाचा वारसा डोळ्यांपुढें आहे, त्या गांवांत जुना दरवाजा कवडीमोलानें विकला जावा, हें बरें नव्हे.

घरधन्याचींही कांहीं कर्तव्यें आहेत. सजावटकारास सकाळीं पतीनें एक, दुपारीं पत्नीनें दुसरें आणि संध्याकाळीं भेटीस आलेल्या मेहुण्यानें तिसरें सांगितलें, तर उत्तम कारागिराचेंही काम बिघडतें. घरांतील मतभेद घरांत मिटवावे आणि बाहेर एकानेंच बोलावें. सुतारास परस्पर हुकूम देऊं नये. एकदां मान्य केलेला आराखडा बदलावयाचा झाल्यास त्याचा खर्च आपणच सोसावयाची तयारी ठेवावी. आणि सजावटकार एखाद्या गोष्टीस “नको” म्हणाला, तर त्याचें कारण शांतपणें ऐकावें. या कुटुंबांतील गृहस्थास ओसरीवर गुळगुळीत चकचकीत फरशी हवी होती. पावसांत आईचा पाय घसरेल, असें सजावटकारानेंच बजावलें. ज्या मनुष्यानें पहिल्या चित्रांत आईस मागें लोटलें होतें, तोच वही वाचल्यावर तिच्या पावलांची काळजी वाहूं लागला.

म्हणून पहिल्या घराच्या कामास आरंभ करणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें सजावटकारास बोलावण्यापूर्वीं आठ दिवस अशी एक वही ठेवावी. घरांतील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसास आवर्जून विचारावें, कारण तीं दोघें दिवसाचा अधिक वेळ घरांत असतात आणि त्यांनाच बहुधा कोणी विचारीत नाहीं. चित्रें त्यानंतर पाहावीं. आणि प्रत्येक चित्र पुढें आलें म्हणजे कारंज्याच्या त्या आईचा प्रश्न त्यास एकदां विचारून पाहावा.