आमच्या घरचे रेनबो मासे
(गणेशोत्सवातील सभासदांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माशांवर बोलणार म्हटल्यावर कुणीतरी मघाशी विचारलंच, "तळलेले की कालवण?" पण आपण लखनौकर आहोत. इथे मासा दरवाजावर बसतो! जुन्या कमानींवरची माशांची जोडी आपण रोज पाहतो. अवधच्या नवाबांचं ते चिन्ह आज उत्तर प्रदेशाच्या राजचिन्हातही आहे.

माझे मासे मात्र लांबचे. न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात, इंडोनेशियात, आयामारू नावाची तळी आहेत. तिथला हा बोसेमानी रेनबो. मारिनस बोसेमन या डच मत्स्यतज्ज्ञाच्या नावावरून 1980 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. वयात आलेला नर पुढे निळा, मागे नारिंगी. दोन मासे मध्येच जोडावेत तसा.

दुकानात तो असा दिसत नाही. मी सहा पिल्लं आणली, ती फिक्कट राखाडी. आई म्हणाली, "पैसे देऊन हे आणलंस?" दुकानदाराने सांगितलं होतं, "साहब, साल भर रुकिए." रंग वयानेच येतो. घाई असलेल्याने हा मासा पाळू नये.

पाण्याची मात्र काळजी नव्हती. आयामारूचा प्रदेश चुनखडीचा, तिथलं पाणी जड. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून सौभाग्यवती रोज नावं ठेवते, पण तेच पाणी या माशांना मानवलं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन जायला एक दिवस बादलीत ठेवायचं. टाकी लांबट हवी, म्हणजे पोहायला जागा मिळते. आणि झाकण हवंच, हे उड्या मारतात.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. आम्ही दोघं लग्नाला पुण्याला गेलो होतो, घरी आई एकटी. रात्री वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, त्यात पंप बंद. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती स्टूल ओढून बसली आणि रात्रभर तांब्याने टाकीतलंच पाणी काढून उंचावरून धार सोडत राहिली. दोन गेले, चार वाचले. तिचा खांदा पुढे आठवडाभर दुखत होता. परत आल्यावर मी पहिल्यांदा बॅटरीवरचा पंप आणला. तो आधीच आणायला हवा होता.

त्यानंतर मासे तिचेच झाले. पहाटे पूजेला उठते ती. एक दिवस म्हणाली, "उजाडताना यांना हळदकुंकू लावल्यासारखा रंग चढतो, तू झोपलेला असतोस." खरंच! पहिल्या उजेडात नर मादीपुढे असे खुलतात. शेवाळावर चिकटलेली अंडी तिनेच दाखवली. आठवडाभरात पापणीच्या केसाएवढी पिल्लं!

आता पिल्लं फार झाली. एका स्नेह्यांनी सुचवलं, विसर्जनाच्या दिवशी गोमतीत सोडून द्या, पुण्य लागेल. नको! परका मासा नदीत रुजला तर इथल्याच माशांच्या तोंडचा घास काढतो. गंगेत तिलापियाने काय केलं ते आपल्या दिलकुशाजवळच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोत विचारा. गंमत अशी, की स्वतःच्या तळ्यांत हाच बोसेमानी आज संकटग्रस्त यादीत आहे.

तेव्हा पिल्लं हवी असतील त्यांनी कार्यक्रमानंतर भेटावं. फुकट देऊ, पण एक-दोन मिळणार नाहीत, सहा न्यावी लागतील, कारण हा मासा कळपाचा. आधी टाकी दाखवा. आणि बॅटरीचा पंप घेतलाय का, ते आई स्वतः विचारणार आहे.